करीमचाचांचा डाग

अब्बांना कमी दिसतं, हे अब्बा सोडून सगळ्या स्वारगेटला दिसत होतं. समोरून येणाऱ्या माणसाला ते आवाजावरून ओळखायचे आणि ओळख पटली की "तुझाच चेहरा आठवत होतो" म्हणायचे. गिऱ्हाईक खूश. मी आतल्या आत चडफडत असायचो. आमचा धंदा चेहरे ओळखण्याचा नव्हता, रेडिएटर दुरुस्तीचा होता, आणि त्यात डाग चुकला की गाडी रस्त्यात उभी राहते.

डाग म्हणजे सांधा. कथिल आणि शिसं वितळवून पितळेला पितळ जोडायचं, त्याला अब्बा डाग देणं म्हणत. हे काम ते तांबट आळीत एका म्हाताऱ्या तांबटाच्या हाताखाली शिकले, त्यामुळे घरात आमची बोली वेगळी असली तरी कामाला बसले की त्यांच्या तोंडी मराठीच यायची. बाकीचे लोक सोल्डर म्हणतात. "सोल्डर कुणीही मारतं," अब्बा म्हणायचे, "डाग द्यावा लागतो." असलं काही बोलले की माझं डोकं फिरायचं, कारण त्याच दिवशी मी त्यांचे दोन डाग गुपचूप पुन्हा दिलेले असायचे.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये शेवटी भांडण झालंच. मी म्हणालो, "मोतीबिंदूचं एक ऑपरेशन बिघडलंय, दुसऱ्याला तुम्ही तयार नाही. आता घरी बसा, अब्बा." त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "ठीक आहे. दत्तोबाच्या ट्रॅक्टरचा रेडिएटर मी एकटा करतो. तू हात लावायचा नाहीस. नांगराला जुंपल्यावर तो उकळला, तर दुसऱ्या दिवसापासून दुकानात पाय ठेवणार नाही." माझी अम्मी सुगराबी, तिने दोघांच्याही ताटात न विचारता भात वाढला. ठरलं ते ठरलं.

मला खरं तर त्यांना जिंकू द्यायचं नव्हतं. आणि हरलेले अब्बा घरात खाटेवर बसलेत, हे डोळ्यांसमोर आलं की तेही सहन व्हायचं नाही. धड एक काही वाटेना, आणि त्यामुळे मी घरात आणि दुकानात सगळ्यांवर खेकसत सुटलो.

दत्तोबा हडपसरचा. त्याचा ट्रॅक्टर अठ्ठावन्न साली बोटीने आलेला, त्याच्या वडिलांनी घेतलेला. शेजाऱ्यांनी दोनदा ट्रॅक्टर बदलले, याने हा सोडला नव्हता. हलकं काम तो ट्रॅक्टर मुकाट करायचा. पण उसाचं रान मोडायला दोन फाळांचा नांगर लावला की अर्ध्या तासात पाणी उकळायचं. मग दत्तोबा बॉनेटवर ओलं पोतं टाकायचा आणि बैल दमल्यासारखा त्याला झाडाच्या सावलीत उभा करायचा.

अब्बांनी चार दिवस त्या रेडिएटरवर काढले. वरची टाकी उकलून एकेका नळीत सळई घातली, चाळीस वर्षांचा गाळ काढला, आणि टाकी परत बसवायला घेतली. कय्या, म्हणजे डाग द्यायचं तांब्याच्या तोंडाचं हत्यार, भट्टीत तापला की नाही हे ते गालाजवळ धरून ओळखायचे. नवसागरावर घासला की चर्र आवाज यायचा, त्या आवाजाकडे कान लावायचे. मी मागे घुटमळत होतो.

"तुझा श्वास ऐकू येतोय," ते म्हणाले. "लांब हो."

लांब होता होता मी पाहिलंच. एका कोपऱ्यात डागाचा बोराएवढा गोळा झाला होता. वरून एवढा, तर आत नळ्यांमध्ये किती उतरला असेल? हवा भरून रेडिएटर हौदात बुडवला, एक बुडबुडा आला नाही. अब्बा खूश झाले. पण गळणं वेगळं आणि तुंबणं वेगळं. नळ्या बुजल्या असतील तर पाणी खाली उतरणार कसं, या विचाराने मला दोन दिवस अन्न गेलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी आम्ही पीएमटीच्या बसने हडपसरला गेलो. रेडिएटर ओळखीच्या टेंपोवाल्या संपतच्या गाडीतून आदल्या दिवशीच पोचला होता. तो बसवला, पाणी भरलं. दत्तोबाच्या बायकोने, मुक्ताबाईंनी, अब्बांना चहाला ओसरीवर नेलं आणि दत्तोबा नांगर आणायला गोठ्यामागे गेला. मी ट्रॅक्टरपाशी एकटा.

इंजिनच्या तोंडाशी एक पितळी झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, तापलं की जाऊ देते. आपल्याकडे गाडी तापते म्हटलं की निम्मे मेकॅनिक आधी ही झडप काढून टाकतात. पाणी मोकळं फिरू दे, एवढीच त्यामागची अक्कल. मीही शंभर गाड्यांची काढली असेल. माझ्या मनाने घेतलं की नळ्या थोड्या बुजल्या असतील, तर निदान ही अडचण तरी वाटेतून जाऊ दे. दोन बोल्ट खोलले, झडप काढली, शर्टाच्या खिशात दुकानाच्या किल्लीशेजारी टाकली, बोल्ट आवळले. अब्बांचा चहा संपायच्या आत मी हात पुसत उभा होतो.

अब्बांना मदत केली, असं मी स्वतःला सांगितलं. बिनविचारता केलेल्या मदतीला काय म्हणतात, ते मला माहीत होतं.

नांगरट सुरू झाली. फाळ आत घुसले, उसाची खोडवी मुळांसकट उलटू लागली, ट्रॅक्टर काळा धूर सोडत रेटत राहिला. मी बांधावरून त्याच्या बरोबरीने चालत होतो. वळणावर दत्तोबाला ओरडून विचारायचो, "काटा कुठंय?" तो हात हलवायचा, ठीक हाय. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. अब्बा जांभळीखाली खुर्चीवर बसून इंजिनच्या आवाजाकडे तोंड करून ऐकत होते. तिसऱ्या फेरीला दत्तोबाने हात हलवला नाही. त्याने तापमानाच्या काट्यावर बोटाने टिचकी मारली.

पाचव्या फेरीत बॉनेटमधून वाफ आली.

दत्तोबाने ट्रॅक्टर थांबवला आणि बादली उचलली. मी धावत सुटलो. "मालक, थंड पाणी ओतू नका! हेड तडकेल! इंजिन बंद करू नका, हळू चालू ठेवा, झाकणाला हात लावू नका!" त्याने बादली खाली ठेवली आणि कपाळ पुसलं. त्याला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं.

"करीमचाचा," तो अब्बांकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "लई वर्सं तुमी आमचं काम केलं. आता वय झालं वो. नळ्या बुजल्या असत्याल. व्हतं असं."

अब्बा उठले. ढेकळांतून अडखळत ट्रॅक्टरपाशी आले. मी हात धरायला गेलो, त्यांनी झटकला. पंख्यापासून जपून त्यांनी रेडिएटरच्या वरच्या टाकीवर तळवा ठेवला. मग मधोमध, मग तळाशी. मग तळवा फिरवत इंजिनच्या डोक्याजवळच्या आखूड नळीपर्यंत नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"इंजिन कढतंय आणि रेडिएटर कोमट," ते म्हणाले. "नळ्या बुजल्या असत्या तर वरची टाकी पेटली असती. पाणी माझ्यापर्यंत येतच नाही." आणि तोंड माझ्याकडे वळवलं. "अमीन, झडप आहे ना आत?"

मी त्यांच्या पांढुरक्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या डोळ्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, एवढाच मला आधार.

"असेल की," मी म्हणालो.

त्यांनी तोंड परत फिरवलं. मग दत्तोबाला म्हणाले, "तुझं बरोबर आहे. डाग माझाच चुकला असणार. नजर राहिली नाही." आणि खांद्यावरची पिशवी काढून माझ्यापुढे धरली. त्या पिशवीत कय्या होता, कथिलाच्या कांड्या होत्या, नवसागराचा खडा होता. मला कळायला लागल्यापासून ती पिशवी त्यांनी कुणाच्या हातात दिली नव्हती. "घे. आजपासून तुझं."

मी पिशवी घेतली. ती घेताना वाकलो, आणि खिशातली झडप छातीला टोचली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, अजूनही त्या दिवसाइतकी वाटलेली नाही. मी खिशात हात घातला आणि झडप दत्तोबासमोर, अब्बांच्या तळहातावर ठेवली.

"मी काढली. तुम्ही चहा घेत होता तेव्हा. मला वाटलं तुमचा डाग आत उतरलाय."

अब्बांनी झडपेवरून बोट फिरवलं. "हिला दोन तोंडं असतात, या जातीच्या इंजिनात," ते दत्तोबाला सांगू लागले, जणू मी तिथे नव्हतोच. "रेडिएटरकडचं उघडलं की या आखूड नळीकडचं मिटतं. ही काढली की आखूड वाट कायम उघडी. पाणी तिथल्या तिथे इंजिनात फिरतं, इकडे येईल कशाला?"

"म्हंजी औषध डाक्टरच्याच खिशात व्हतं," दत्तोबा म्हणाला. एवढंच बोलला, पण मला पुरलं.

इंजिन निवायला तास गेला. अब्बांनी झडप स्वतः बसवली, मला फक्त पाना धरायला दिला. मग ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत नांगरत राहिला. काटा मधोमध गेला आणि तिथेच थांबला. मी तरीही बांधावरून चालतच होतो, मला एका जागी बसवेना.

परतताना हडपसरच्या गाडीतळावर बस भरलेली मिळाली. कुणीतरी अब्बांना जागा दिली, मी शेजारी दांड्याला धरून उभा. मगरपट्टा मागे गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"झडप आत नाही, हे रेडिएटरला हात लावल्यावर. ती कुठे आहे, हे त्याआधीच." ते समोर बघत बोलत होते. "येताना तुझा खिसा गप्प होता. चहानंतर वाजायला लागला. किल्लीवर पितळ वाजलं तर मला कळणार नाही?"

"मग पिशवी का दिलीत? मी खोटं बोलतोय, हे तिथेच सांगायचं."

"दत्तोबासमोर? दुकान पुढे तुला चालवायचंय. पोराने काम बिघडवलं आणि वर खोटं बोललं, असं हडपसरभर झालं असतं तर तुझ्याकडे कोण आलं असतं? म्हाताऱ्याचा डाग चुकला, हे लोक विसरतात."

मला रडू आलं. भरल्या बसमध्ये, पस्तीस वर्षांच्या माणसाला. शेजारचा प्रवासी उगाच खिडकीबाहेर बघू लागला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात पोचलो, तर अब्बा आधीच भट्टी पेटवून बसले होते. पिशवी मात्र माझ्या जागेवर ठेवलेली. मार्केट यार्डातल्या एका टेंपोचा रेडिएटर आला होता. मी कय्या तापवला, गालाजवळ नेऊन पाहिला, नवसागरावर घासला, आणि टाकीच्या कडेने डाग देत गेलो. आयुष्यात दिला नसेल इतका सावकाश.

अब्बांनी हात पुढे केला. मी रेडिएटर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी अंगठा त्या डागावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला, मधे एका जागी थांबले, तिथे पुन्हा फिरवला.

"परत दे," ते म्हणाले.

मी कय्या पुन्हा भट्टीत ठेवला.