दोन सोडून

मी एका शिंप्याची जुनी टेप आहे. कधीकाळी पिवळी होते, आता कसलाच रंग नाही. मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या पट्टीला ताठ असल्याचा फार तोरा असतो. तिला म्हणावं, एखाद्या सुटलेल्या पोटाला वळसा घालून दाखव.

कारखान्यात मला लांबलचक गुंडाळीतून साठ इंचांवर कापलं, आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या. ज्यांच्या गळ्यात पडले त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांची बायको आणि मी एकाच महिन्यात त्या घरात आलो. मला गळ्यात जागा मिळाली, तिला दुकानामागच्या खोलीत दाराआडचा कोपरा. तिथं बसून ती काजं-बटणं करायची. खोलीला खिडकी नाही. दार उघडं असलं की उजेड, दारात कुणी उभं राहिलं की अंधार.

चार वर्षांत माझी एक टोपी निघाली, टोक विरलं. मास्तरांनी पहिले दोन इंच कापून टाकले, नवी टेप काही आणली नाही. तेव्हापासून माप घेताना ते पुटपुटतात, "दोन सोडून." छाती अडतीस दिसली की छत्तीस लिहायची. बायकोलाही तीच सवय लागली. कुणाचा सदरा तंग झाला नाही, हे मी मान वर करून सांगते.

मग त्या दोघांच्या मनात स्वतःचं घर आलं. सुट्टीच्या दुपारी मशीन सरकवायचं, फरशी पुसायची आणि कापडावर खुणा करायच्या खडूनं जमिनीवर घर काढायचं. एक इंच म्हणजे एक फूट. ती माझं तुटकं टोक अंगठ्यानं दाबून धरायची, मास्तर दुसरीकडून रेघ ओढायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, एक खिडकी, आणि तिच्याखाली मला बसायला जागा. मास्तरांनी लगेच काढली. वर पडदासुद्धा काढला. दोघं हसली. दाराआडच्या अंधारात सुईत दोरा ओवताना तिचे डोळे पाणावायचे, म्हणून मलाही बरं वाटलं.

मित्रांनो, हसण्यावर जाऊ नका, रेघेवर लक्ष ठेवा. पुढच्या सुट्टीला थोरले दीर आले आणि त्या घरात फतकल मारून बसले, तेही नेमके स्वयंपाकघरावर. म्हणाले, दुकान रुंद हवं. झालं रुंद. सासूबाई म्हणाल्या, माझी खाट भिंतीला लागली पाहिजे. लागली. दर खेपेला खिडकी थोडी सरकायची, थोडी आखडायची. शेवटी तिच्या जागी कापडाच्या ताग्यांची फळी आली. काजं करायला उजेड कशाला, हात सवयीनं चालतो, असं दीर म्हणाले. स्वतःचं बटण तुटलं की सदरा कुणाच्या पुढ्यात टाकतात, ते नाही म्हणाले. आणि गिऱ्हाइकाला पाव इंचासाठी चारदा उभं करणाऱ्या मास्तरांनी फळीची रेघ ओढून टाकली.

मंडळी गेल्यावर ती मला घेऊन दाराआड आपल्या जागी बसली. भिंतीपासून स्वतःच्या गुडघ्यापर्यंत मोजलं. बत्तीस दिसले. तिनं तीस धरले.

"अहो, मला बसायला अडीच फूट लागतात. म्हणजे या घरात अडीच इंच."

मास्तर मशीनवर होते. मान वर न करता म्हणाले, "दोन सोडून धर."

"ते मी आधीच सोडलेत," ती म्हणाली. "आणखी दोन सोडले तर अर्धा उरतो. त्यात कोण बसणार?"

मशीन थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. तिनं ओलं फडकं आणलं आणि दुकान, खाट, फळी, सगळं पुसून काढलं.

आता मास्तर एकटेच घर काढतात. माझ्या तुटक्या टोकावर इस्त्री ठेवतात. इस्त्री जड खरी, पण ओढलं की सरकते आणि रेघ वाकडी येते. मग हाक मारतात, "अगं, जरा टोक धर." ती दाराआडून सांगते, हातात काज आहे.

मित्रांनो, माझं काय, टेप विरली तर नवी मिळते. पण कधी घर काढायला बसलात, तर दुसरं टोक धरणाऱ्या माणसाचं माप आधी घ्या. आणि त्यातले दोन सोडू नका.