रात्रीत हलका होणारा क्रूस

डोंगरातल्या वालेरानो गावी, चर्चमागच्या पटांगणात त्या सकाळी मुंगी शिरायलाही जागा नव्हती. शिरली असती तर तीही गुडघे टेकून बसली असती, असा एकूण रंग होता. लवंगा झाडावर वाळत होत्या आणि त्या तोडणारी माणसं इथे हात जोडून बसली होती. बायांनी रविवारचे ठेवणीतले कपडे घातले होते, आणि वार होता मंगळवार.

पटांगणाच्या मधोमध बांबूची एक झोपडी. तिला बाहेरून कुलूप, आणि किल्ली चर्चच्या पंचांपैकी एका वडिलांच्या गळ्यात. आत बापा येहेस्किएल, बाहेरगावाहून आलेला उपदेशक. चाळीस दिवस अन्नाचा कण न घेता, नुसत्या पाण्यावर आणि प्रार्थनेवर राहून परमेश्वराला संपूर्ण मनाने शोधायला बसलेला. दार उघडायचं ते दिवसातून एकदाच, क्रूस आत न्यायला आणि आदल्या दिवशीचा क्रूस बाहेर आणायला.

हा क्रूस म्हणजेच खरा चमत्कार. दोन जाडजूड बांबू एकमेकांना आडवे बांधलेले, वर पांढरं कापड गुंडाळलेलं. आत जाताना उचलणाऱ्याचा खांदा मोडायचा. दुसऱ्या दिवशी तोच क्रूस बाहेर येताना पिसासारखा.

"कुठे गेलं वजन?" बापाची शिष्या सिस्टर राहेल तो क्रूस एका हाताने डोक्यावर धरून विचारायची. "सांगा ना. काल गावातला सगळ्यात दांडगा गडी घामाघूम झाला. आज मी बाईमाणूस एका हाताने उचलतेय."

"पाप गेलं," लोक म्हणायचे.

"कोणाचं?"

"आमचं."

"आणि कोणी नेलं? बापाने. रात्रभर बसून त्याने तुमचं एकेक पाप चघळलं, गिळलं, पचवलं."

ही बाई एक शब्द खोटं बोलत नव्हती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. मग पाप उतरल्याच्या आनंदात लोक लवंगेची पोती आणून तिच्या पायाशी ठेवायचे.

गर्दीच्या कडेला वेंपी कलांगी उभा होता, तोंड वाकडं करून. वेंपी हा पोटाचा माणूस. रविवारी चर्चमध्ये तो नेमाने यायचा आणि नेमाने झोपायचा. पण आज त्याचं तोंड वाकडं व्हायला कारण होतं. पुढच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत, त्याची बायको सिन्चे बसली होती, आणि खुर्चीतून घसरू नये म्हणून तिला शेजारणीने धरलं होतं.

सिन्चे चर्चची सेविका. प्रभुभोजनाचे पेले घासणं, आजाऱ्याला पेज नेणं, मेलेल्याला आंघोळ घालणं, सगळं तिच्याकडे. देवाचं काम तिने कधी अर्ध्या मनाने केलं नाही, आणि हाच घोटाळा झाला. बापा आत बसला त्याच दिवशी हिनेही अन्न सोडलं. बापाच्या आवाजात दिवसेंदिवस जोर येत होता. हिला मात्र चक्कर येत होती. यावरून तिने एकच अर्थ काढला, की आपला विश्वास कच्चा.

"सिन्चे, दोन घास भात खा," वेंपी घरी म्हणाला होता.

"बापा खातो का?"

"बापाला बायको नाही. मला आहे, आणि मला ती हवी आहे."

"देवाला शोधताना भूक लागते म्हणजे माझं मन पोटात आहे, वेंपी. मन पूर्ण लागलं की भूक लागत नाही. बापाला लागते का?"

दवाखान्यातली डॉक्टरीण येऊन गेली. तिने नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि वेंपीला अंगणात नेऊन सांगितलं, "आज-उद्यात पोटात काही गेलं नाही तर मग मला बोलावू नकोस, पाळकांना बोलाव."

वेंपी आत आला. सिन्चे डोळे मिटून म्हणाली, "मी ऐकलं. ज्या दिवशी बापा जेवेल, त्या दिवशी मी जेवेन. त्याआधी नाही."

शेजारच्या ओमा केसला, गावाच्या आजीला, हे कळलं. ही म्हातारी बिछान्याला खिळलेली, पण जीभ मात्र गावभर हिंडणारी. सिन्चे रोज तिचं अंग पुसायची, तिला भरवायची. उपास सुरू झाल्यापासून ते बंद पडलं होतं. ओमाने वेंपीला खिडकीतून हाक मारली आणि म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग, देव शोधायला ती पटांगणात जाते, आणि तो बापडा इथे माझ्या पायथ्याशी बसून तिची वाट बघत होता. काल कंटाळून उठून गेला."

वेंपीने निरोप सांगितला नाही. सांगून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्रूस वाहायची पाळी कलांगींच्या घरावर आली. सिन्चेला उठवत नव्हतं; शेजारणींनी तिला धरून पटांगणातल्या खुर्चीत नेऊन बसवलं, आणि क्रूस आणायला वेंपी गेला. राहेलने गावाबाहेर, ओढ्यापलीकडे घर घेतलं होतं. तिथे पहाटेपासून धूर निघायचा. 'क्रूस पवित्र आत्म्याच्या अग्नीतून शुद्ध होतो' असं ती सांगायची, आणि अंगणात पाऊल टाकू द्यायची नाही. तिने कापडात गुंडाळलेला क्रूस वेंपीच्या खांद्यावर ठेवला.

"गरम आहे," वेंपी म्हणाला.

"अग्नीतून आलाय, भाऊ. तुझ्या संशयाने जास्तच चटका बसतोय."

"आणि वास येतोय."

"स्वर्गातल्या मेजवानीचा. भाग्यवंतालाच येतो."

वेंपी निघाला. त्याच्यामागे एक कुत्रं निघालं, मग दुसरं, मग ओढ्यावरची झाडून सगळी. आता आमच्याकडची कुत्री माणसाच्या मागे सहसा जात नाहीत; लग्नसराईत आपलं कालवण होतं हे त्यांना ठाऊक असतं. तरी ती जीव धोक्यात घालून त्या क्रूसामागे चालली होती. एवढी श्रद्धा गावातल्या माणसांतही नव्हती.

ओढा ओलांडताना क्रूस कलला आणि वेंपीच्या मानेवरून काहीतरी कोमट ओघळलं. त्याने ते बोटाने पुसलं. दुसऱ्या कोणी बोट शर्टाला पुसलं असतं. वेंपीने चाटलं.

मिरची. गवती चहा. आणि डुकराची चरबी, चांगली मुरलेली.

तो ओढ्यात तसाच उभा राहिला. कुत्रीही उभी राहिली.

आमच्या डोंगरात जन्मलेल्या माणसाने आईच्या दुधानंतर पहिली चव कशाची घेतली असेल तर बांबूतल्या जेवणाची. हिरव्या बांबूत केळीचं पान, त्यात चिकट तांदूळ, नारळाचं दूध, आलं. निखाऱ्यावर उभा करून ठेवायचा, सालीला काळं चढलं की चिरायचा. सणाला हेच, बारशाला हेच, मयताच्या जेवणाला हेच. एकटा बांबू दिसला असता तर शेंबडं पोरही म्हणालं असतं, "भात झाला का?" पण त्यावर दुसरा बांबू आडवा बांधला, पांढरं फडकं गुंडाळलं, आणि अख्खं गाव गुडघ्यावर. नाकाला वास येत होता, तोंडाला पाणी सुटत होतं, आणि डोकं म्हणत होतं, गप्प बसा, प्रार्थना चालू आहे.

ओरडावं असं वेंपीला वाटलं. मग त्याने विचार केला. रविवारी घोरणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? आणि गावाने ठेवून तरी काय उपयोग? पटायला हवं होतं ते एकाच बाईला, आणि ती डोळ्याने पाहिल्याशिवाय जेवणार नव्हती.

पटांगणात पोचल्यावर तो झोपडीकडे वळलाच नाही. सरळ सिन्चेच्या खुर्चीपाशी आला, क्रूस तिच्या पायाशी आडवा ठेवला, कापड ओढून काढलं आणि कमरेचा कोयता उपसला.

"क्रूसावर कोयता," मागाहून पोचलेली राहेल किंचाळली. "धरा त्याला."

दोघातिघांनी त्याला धरलंसुद्धा. पण बांबू चिरायला हात कितीसा हलावा लागतो? पहिला घाव उभ्यावर, दुसरा आडव्यावर. फटकन आवाज झाला आणि वाफ वर आली. उभ्या बांबूत भात, आडव्यात डुक्कर.

धरणाऱ्यांचे हात सैल पडले. मग मागून कोणीतरी अगदी हळू म्हणालं, "आमच्याकडे यात कांद्याची पातही घालतात."

किल्लीवाल्या वडिलांनी कुलूप उघडलं. बापा येहेस्किएल दारात आला. सदऱ्याची मधली बटणं लागत नव्हती. मागे, झोपायच्या चटईखाली, केळीच्या पानांचा हा ढीग. त्याला एवढंच करावं लागायचं: रात्री बांबूच्या तोंडाचा पानाचा बोळा काढायचा, भाताची गुंडाळी ओढायची, आडव्यातलं डुकराचं मटण थाळीत ओतायचं आणि बोळा परत लावायचा. क्रूस जेवढा हलका होत होता, तेवढाच बापा जड होत होता. देवाने कुठलंच वजन कुठे नेलं नव्हतं.

बापाने भात पाहिला, गर्दी पाहिली, आणि हात वर केले. "सैतानाने क्रूसात मांस भरलं."

"मग सैतानाच्या हाताला चव आहे," वेंपी म्हणाला, "आणि तुझ्या दाढीला त्याचा कालचा भात चिकटलाय."

बापाचा हात दाढीकडे गेला. तेवढं पुरे झालं.

पुढचा गोंधळ सांगत बसत नाही. पोती ज्याची त्याला मिळाली, आणि बापा आणि राहेल, दोघं ओढा ओलांडून गेली ती कुत्र्यांच्या मिरवणुकीतच.

सिन्चे मात्र खुर्चीतून हलली नव्हती. ती त्या भाताकडे बघत होती.

"तो रोज जेवत होता?"

"रोज," वेंपी तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आणि मी म्हणत होते, माझं मन देवात नाही म्हणून भूक लागते."

"भूक लागते कारण पोट आहे. मनाचा काय संबंध?"

डॉक्टरीण गर्दीतून पुढे आली. "मटणाला हात नाही लावायचा. भात, एकेक शीत, चावून." वेंपीने केळीच्या पानावरून चिमूटभर भात उचलला. सिन्चेने तो बराच वेळ चावला. तिचे डोळे वाहत होते.

"आलं कमी आहे," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी सूचना वाचायची पाळी सिन्चेची होती. सूचना वाचून झाल्यावर ती ध्वनिक्षेपकापाशीच थांबली. म्हणाली, "ज्याला उपास करायचा त्याने खुशाल करावा, पण दवाखान्यात सांगून. कोणी म्हणालं की मी न खाता जगतो, तर त्याला दोष देत बसू नका, त्याचा बांबू उघडून बघा. जड वस्तू हलकी झाली तर आधी विचारा, आत काय होतं आणि कोणी काढलं. वास आला तर वास येतो म्हणा. असं विचारलेलं देवाला खपत नसतं, तर त्याने नाक बरोब्बर तोंडाच्या वर लावलं नसतं."

वेंपी त्या दिवशी जागा होता. गावात तो वेगळा चमत्कार म्हणून अजून सांगतात.

चर्चमधून सिन्चे थेट ओमा केसकडे गेली, पेजेचा डबा घेऊन. काठाकाठाने, भिंतीला धरत. ओमाने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"सापडला का देव?"

"शोधतेय, ओमा."

"मग इकडे ये," ओमा म्हणाली, "आधी माझी चादर बदल."