राघोबांचं हरवलेलं धोतर

औरादच्या बसस्टँडमागं माझं शिलाईचं दुकान आहे आणि मी भोचक आहे. दोन्ही गोष्टी साऱ्या तालुक्याला ठाऊक आहेत, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. जुन्या जीन्स पँटींच्या मी पिशव्या शिवते, डब्याची कव्हरं शिवते, पोरींचे स्कर्ट आणि मोटारसायकलच्या सीटच्या खोळी शिवते. पण शिवण्याआधी पँट उसवावी लागते, आणि मला खरी गोडी आहे ती उसवण्याची. उजव्या मांडीवर फिकट चौकोन दिसला की समजावं, माणूस मोबाइलवाला. बूड झिजलं असेल तर बसून खाणारा. गुडघे आधी गेले असतील तर फरशी बसवणारा. माणूस मी कधी पाहिलेला नसतो, पण त्याची कुंडली माझ्यापुढं पसरलेली असते. खिसे मात्र मी शेवटी उलटे करते. ताटातलं गोड शेवटी खावं, तसं.

म्हणूनच बाजाराच्या दिवशी संतपूरच्या कमलबाईंनी माझ्यापुढं गाठोडं सोडलं तेव्हा मी चक्रावले. चार जीन्स पँटी होत्या. कापड शहरातलं, भारी. कंबर चांगल्या जाड्या माणसाची, पण पट्ट्याच्या जागी सुतळी ओवून वीतभर आवळलेली. तळाला कुसळं रुतलेली, पोटऱ्यांवर ओरखडे. म्हणजे घालणारा वाळका आणि शेतकरी. इथवर माझं गणित बरोबर होतं. पण पुढच्या खिशांची तोंडं हात घालून घालून पांढरी पडली होती. शेतकऱ्याला खिशात हात घालून उभं राहायला वेळ कुठला? तसे उभे राहतात ते लग्नातले जावई.

"कुणाच्या ह्या, मावशी?"

"आमच्या म्हाताऱ्याच्या. बाळाचं झबलं शिवून दे माय. अन् उरलं तर निजवायला झोळी."

"झोळी व्हईल. पर झबलं? ह्या कापडाचं?" मला हसू आवरेना. "मावशी, घरात बाळ यायलाय का बैल? ह्याची झूल व्हईल!"

कमलबाई हसल्या नाहीत. पदर सावरून त्या माझ्या स्टुलावर बसल्या. "नवं कापड लावायचं न्हाई मला. म्हाताऱ्याच्या अंगचंच पाहिजे."

आमच्याकडं रीतच आहे. बारशापर्यंत बाळाला कोरं कापड लावत नाहीत. घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाचं जुनं धोतर घेतात आणि त्याचं झबलं करतात. धोतर धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं असतं, आणि म्हाताऱ्याचं आयुष्य बाळाला लागतं असं म्हणतात.

"मग धोतर आणा की."

"धोतर असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते?"

मग सगळं ऐकायला मिळालं, विचारावंसुद्धा लागलं नाही. मुलगा धनराज हैदराबादला नोकरीला. तो दर वर्षी जाड होतो आणि न बसणाऱ्या पँटी बापाला पाठवतो. राघोबांनी पहिली पँट घातली तेव्हा सारं संतपूर हसलं होतं. पण तुरीच्या रानातली धसकटं पोटरीत घुसायची बंद झाली, तसं त्यांनी धोतराला कायमचा रामराम ठोकला. जुनी धोतरं एकेक करत वाकळांत गेली.

"लाल काठाचं एक मी पेटीत जपून ठेवलं हुतं. ते गायब! म्हाताऱ्याला इचारलं तर म्हनतो, मला काय ठाव. दिलं असंल कुण्या गोसाव्याला. लई दानशूर कर्ण लागून गेलाय."

"अन् ह्या पँटी? धुताना तरी बऱ्या लागत्यात का हाताला?"

"मी हात लावत न्हाई असल्या कापडाला. ओलं झालं की रेड्यावानी जड. त्याचं तोच धुतंय हौदावर."

आणखी एक नवल. संतपूरचा म्हातारा, घरात बायको आणि सून असताना स्वतःचे कपडे धुतो? मी तोंड उघडणार होते, पण कमलबाईंचा आवाज बदलला होता.

"पहिल्या बाळाच्या टायमाला मी ते धोतर घेऊन हैदराबादला गेले हुते. धनराजनं दुकानातून नवाकोरा ड्रेस आणला. तिथल्या नर्सांपुढं जुनं धोतर काढायची लाज वाटली मला. घडी तशीच पिशवीत राहिली. अन् बाळ घरी आलंच न्हाई." त्यांनी पँटीवरचं एक कुसळ उपटलं. "डॉक्टर म्हनला, काळजाला छिद्र हुतं. असंल बाई, शिकलेला माणूस हाय तो. पर धोतर माझ्या पिशवीतच राहिलं ना?"

माझी बैलाची थट्टा मलाच बोचली. "ठेवून जावा," एवढंच म्हणाले. सून या खेपेला बाळंतपणाला संतपूरलाच आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पुढच्या बाजारी येते असं सांगून कमलबाई जीपकडं गेल्या.

आता सांगा, काय करायचं? मी एका पँटीचा पाय कापला. सोडा घालून उकळला, धोपाटण्यानं बडवला, वाळवला, पुन्हा उकळला. निळं पाणी मोरीत वाहून गेलं, कापड फिकं पडलं, पण मऊ म्हणून होईना. तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघितला तर कातडी लाल झाली. माझं मनगट तरी इस्त्रीचे चटके खाऊन निबर झालेलं. नुकत्याच जन्मलेल्या जीवाचं काय झालं असतं? मला कमलबाईंचा राग आला, डॉक्टरचा आला, धोतर दान करणाऱ्या म्हाताऱ्याचा तर सगळ्यात जास्त आला.

दोन-चार दिवसांनी दुकानात सून आली. विजयश्री. दवाखान्यात तपासणीला आली होती, सोबत सासरा होता, तो समोरच्या हॉटेलात चहाला थांबला होता. पोरगी पाय सुजलेल्या अवस्थेत स्टुलावर टेकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "अक्का, एक सांगू? तुम्ही मऊ कापड इकत घ्या. चार येळा धुवा अन् झबलं शिवा. आत्याला सांगा, पँटीतूनच निघालं. पैसे मी देते." आत्या म्हणजे तिची सासू, कमलबाई.

माझ्याही मनात हेच आलं होतं. कोण बघतंय? पण पोरगी माझ्या डोळ्याला डोळा देईना.

"तुझा इस्वास न्हाई ना ह्या रितीवर?"

"न्हाई. छिद्र जन्माआधीच असतंय, मला ठाव हाय. मी बी शिकलेली हाय."

"मग खोटं झबलं चालंल तुला?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला रडूच कोसळलं. "न्हाई चालणार. बाळ जरा शिंकलं तरी मला तेच आठवंल. अक्का, मी काय करू? पटतबी न्हाई अन् सुटतबी न्हाई."

मी तिला पाणी दिलं. मला वाईट वाटलं आणि काय करावं सुचेना. मला काही सुचलं नाही की माझे हात आपोआप उसवायला लागतात. मी गाठोड्यातली दुसरी पँट टेबलावर ओढली, उलटी करायला घेतली आणि कात्री उचलली. तेवढ्यात दारातून ओरडा आला.

"कात्री लावू नको!"

राघोबा. डोक्याला रुमाल, अंगात सदरा, खाली तसलीच सुतळीनं आवळलेली पँट. पळत आत आले आणि टेबलावरच्या पँटीवर दोन्ही हात पसरून उभे राहिले. "कुणी आणल्या ह्या हितं? मी चार दिस झाले हुडकायलोय!"

"मावशींनी आणल्यात, काका. झबल्यासाठी."

"मला इचारल्याबिगर? दे हिकडं. पाय काप पाहिजे तर. वरचं मला दे."

वरचं? माणसं पँट मागतात, पायजमा मागतात, नुसतं वरचं कुणी मागत नाही. मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. दोन्ही तळवे नेमके खिशांवर होते. खिशांची पांढरी पडलेली तोंडं मला आठवली आणि माझा भोचकपणा उसळी मारून वर आला.

"खिशात काय हाय, काका?"

"काय न्हाई."

"मग मी बघते."

"काय न्हाई म्हनलं ना!"

पण कात्रीवाल्या बाईपुढं म्हाताऱ्याचं किती चालणार? मी त्यांच्या हाताखालून पँट ओढली आणि खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. पण हात आत जातच राहिला, पार कोपरापर्यंत. कंपनीचा खिसा इतका खोल नसतो. आणि आतलं कापड! इतकं मऊ, की मी हात तसाच आत ठेवला. मग खिसा बाहेर ओढला. कंपनीचं अस्तर कापून टाकलेलं होतं आणि त्या जागी पांढरं सुती कापड जोडलेलं, दाभणानं, पोतं शिवतात तसल्या लांब टाक्यांनी. तळाला काठ होता. लाल.

मी दुसरा खिसा काढला. मग दुसरी पँट, तिसरी, चौथी. सगळीकडं तेच. धोतर कुठं गेलं नव्हतं. संतपूरच्या रानात रोज हिंडत होतं.

"म्हणून स्वतः धुताय व्हय!" माझ्या तोंडून निघून गेलं.

राघोबा खाली बसले. विजयश्रीनं विचारलं, "मामा, कामून असं केलाव?"

म्हाताऱ्यानं डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर पसरला. "पेटी उघडली की ते दिसायचं. घडी तशीच, तुझ्या आत्यानं हैदराबादवरून आणलेली. बघवत नव्हतं. अन् टाकावं तर टाकायचं कुठं? बाळासाठी काढलेलं कापड हुतं ते." त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही. "म्हणून खिशात शिवलं. कुणाला दिसत न्हाई. हात घातला की लागतंय."

विजयश्रीनं टेबलावरून तो उलटा खिसा उचलला. "मला वाटलं, घरात कुणाला आठवतबी न्हाई. कुणी त्याचं नाव काढत न्हाई, धनराजबी न्हाई. मी एकटीच..." तिनं ते कापड गालाला लावलं आणि लावूनच ठेवलं.

"त्याच्यासाठी काढलेलं हाय," राघोबा घाबरत म्हणाले. "ह्या बाळाला चालंल का, ते तूच सांग. तू न्हाई म्हनलीस तर मी कमलला काय बी सांगंन."

"हात घासून घासून तुमचंच झालंय आता, मामा." पोरीनं डोळे पुसले आणि खिसा माझ्यापुढं ठेवला. "अक्का, शिवा. आजच शिवा."

मी त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. आठ खिसे उसवले. दाभणाची भोकं इतकी मोठी होती की ती टाळून कापता कापता नाकी नऊ आले. शिवण बाहेरच्या अंगाला घेतली, म्हणजे बाळाला आतून टाकासुद्धा लागू नये. खाली घेराला लाल काठ आला. राहिलेल्या पायांची झोळी केली, दुहेरी, आडव्या-उभ्या टिपा मारून. त्या झोळीत मी स्वतः बसून बघितलं असतं तरी ती फाटली नसती. राघोबांच्या अंगातल्या पाचव्या पँटीचे खिसे मात्र त्यांनी दिले नाहीत. ते म्हणाले, "एवढे राहू दे. बाळ येईस्तोवर."

बाजारच्या दिवशी कमलबाई आल्या. मी झबलं पुढं ठेवलं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि ते बोट मध्येच थांबलं.

"हे कुठं घावलं?"

"काकांच्या खिशात," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. मला काही पोटात ठेवता येत नाही.

कमलबाईंनी झबलं उलटं करून आतली बाजू बघितली. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मुका मेला. एवढं घेऊन हिंडत हुता, अन् मी त्याला धोतर हरवलं म्हणून शिव्या देत हुते." त्यांनी झबल्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "ह्या टायमाला पिशवीत न्हाई ठेवणार. दवाखान्यात हातात घेऊनच उभी राहते."

तशा त्या उभ्या राहिल्या, हे मला नंतर विजयश्रीनं सांगितलं. नर्सनं कपडे मागायच्या आधीच झबलं पुढं झालं होतं.

बारसं झाल्यावर ती तिघं दुकानात आली. म्हणजे चौघं. मुलगी झाली होती, आवाज खणखणीत, नाकीडोळी अगदी आजीवर. राघोबांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं होतं आणि कमलबाईंनी कितीदा मागितली तरी देत नव्हते. त्यांच्या कमरेला तीच पाचवी पँट होती. माझी नजर सवयीनं खिशांवर गेली. दोन्ही खिसे गायब. नुसती दोन भोकं, आतून सदरा दिसत होता.

"खिसे काय झाले, काका?"

"हिला टोपरं करायला कमलनं घेतले," ते म्हणाले.

"मग काढा ती पँट. दोन घटकेत नवे लावून देते, चांगले मशीनचे."

राघोबांनी नातीला जरा वर घेतलं, तिचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं.

"कशाला, अक्का? आता हात रिकामे कुठं हायत माझे?"