पाठीवरच्या दोन थापा

मित्रांनो, स्टुडिओच्या मागच्या भिंतीशी एका बाजूने चेपलेली, पांढरी म्हणावी की मातकट असा प्रश्न पडेल अशी एक जुनी गाडी उभी आहे. ती मी. नवी होते तेव्हा नट्या माझ्या पत्र्यात बघून केस सारखे करायच्या. आता खरे वाटणार नाही.

टीव्ही मालिकांच्या नटमंडळींना घरून आणणे आणि परत सोडणे हे माझे काम. सगळे चढले की लाइटवाले दादा दार लोटून माझ्या पाठीवर दोन थापा मारत. त्या ऐकल्या की ड्रायव्हरकाका मागे न बघता गाडी काढत. वर्षानुवर्षे हेच चालले होते.

मग तंत्रज्ञांनी संप केला. रात्रभर काम करून सकाळी पुन्हा हजर व्हावे लागे. डोळा लागून एक लाइटवाला शिडीवरून पडला तो उठलाच नाही. "आम्हाला झोपू द्या," एवढेच मागत ते फाटक अडवून उभे राहिले.

त्या सकाळी माझ्यात मालिकेतली आई होती. तिला सगळे ताई म्हणत. शेजारी तिचा मालिकेतला मुलगा. निर्मात्याने दम भरला होता, "आज आला नाहीत तर पुढच्याच भागात दोघांनाही अपघातात मारून टाकीन!"

फाटकापाशी काकांनी ब्रेक दाबला.

"उतरा ताई!" काचेपाशी लाइटवाले दादा ओरडले. "आत जायचं तर आमच्या अंगावरून जा!"

"काय करायचं?" मुलाने विचारले. "आत गेलो तर हे आपलं तोंड बघणार नाहीत, नाही गेलो तर तो निर्माता बघणार नाही."

"थांब रे, विचार करू दे. काका, इंजिन चालू असू द्या."

तेवढ्यात आतून पहारेकरी काठ्या घेऊन धावले. कुणाचे डोके फुटले, कुणाचे दात माझ्या बॉनेटवर सांडले. एका दगडाने माझी पुढची काच फुटली. काकांनी डोळे मिटून घेतले. रेटारेटीत दादा माझ्यापुढे आडवे पडले. ते बघून मागच्या एकाने गाडी थांबावी म्हणून माझा पत्रा बडवला. धप, धप.

काकांच्या पायाने सवयीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

दादांच्या पायाचे हाड माझ्या चाकाखाली मोडले. तो आवाज मी अजून विसरले नाही.

ताई क्षणभर जागची हलली नाही. एवढे झाल्यावर कुणीतरी 'कट' म्हणते, याची तिला सवय होती. कुणीच म्हणाले नाही. मग तिने दार लाथेने उघडून उडी टाकली. एका पहारेकऱ्याची काठी तिच्या कपाळावर बसली.

"मार! या तोंडावरच मार!" ती रक्त पुसत किंचाळली. "बघू उद्या क्लोजअप कोण देतं तुमच्या मालकाला!"

मुलाने त्या पहारेकऱ्याला मिठी मारून खाली पाडले. ताईने ओढणी दादांच्या मांडीला घट्ट आवळली.

"ठरलं का, ताई?" दादा कण्हत म्हणाले.

"ठरलं रे. उशिरा ठरलं."

शूटिंग झाले नाही. पुढे मागणीही मान्य झाली. दादांचा पाय मात्र गेला. काकांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि मला या भिंतीशी आणून सोडले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी माझे काही म्हणणे नाही. पण समोर माणसे उभी असतील आणि तुमचे ठरत नसेल, तर आधी इंजिन बंद करा. विचार खाली उतरूनही करता येतो.