सैल धरलेला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, कुत्र्याला फिरायला नेतात तो. मित्रांनो, गड जिंकणाऱ्या तलवारींनी आणि समुद्र ओलांडणाऱ्या बोटींनी आपली कहाणी सांगावी, ते त्यांना शोभते. मी रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो, एवढेच. त्यामुळे माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगतो, कारण ती न सांगता खिळ्यावर लोंबकळत राहणे आता जमत नाही.

बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात माझा जन्म झाला. फाटक्या प्रवासी बॅगेचा खांद्यावरचा पट्टा, तिचाच पितळी हूक आणि वरून दुहेरी दोऱ्याची शिवण. मला शिवून घेणाऱ्या आजींनी दुकानदाराला बजावले होते, "ओढायला नकोय हो. नुसता धरायला हवाय."

"मग सुतळी बांधा की, आजी. माझा दोरा तरी वाचेल."

"सुतळी हाताला काचते. आणि चांगला लांब ठेवा. त्यालाही मोकळं वाटलं पाहिजे आणि मलाही."

दुकानदार हसला, पण त्याने मला चार हात लांब केले.

'तो' म्हणजे शेठ. पिल्लू असताना त्याचे पोट इतके सुटलेले होते आणि तो इतक्या सावकाश चाले, की आजोबांनी त्याला हेच नाव देऊन टाकले. आजोबा मुद्रितशोधक होते. छापखान्यातून कच्ची छापलेली पाने घरी येत आणि ते लाल पेन घेऊन त्यांतल्या चुका शोधत बसत. एखादा सुटलेला स्वल्पविरामही त्यांच्या नजरेतून निसटत नसे. पानावरून ती नजर वर मात्र फार क्वचित येई.

शेठला फिरवण्याचे काम आजींचे. त्यांची रीत साधी होती, तरी मला ती समजायला वेळ लागला. त्या मला कधी ताणत नसत. शेठ ओढू लागला की त्या जागच्या जागी खांबासारख्या उभ्या राहत. बोलत काहीच नसत. ओढून उपयोग नाही हे कळले की शेठ मागे वळून त्यांच्याकडे बघे. त्याने बघितले रे बघितले, की आजी दोन बोटांनी आपल्या मांडीवर टकटक करत, "बघितलं हो" म्हणत आणि खिशातून पावाचा चण्याएवढा तुकडा काढून देत. कधी त्या मध्येच उलट दिशेला वळत, कधी टपालपेटीआड लपत. हळूहळू शेठला सवयच लागली. पाच-सात पावले चालावे, मान वर करावी, आजींची बोटे बघावीत, पुन्हा चालावे. तेव्हा मी दोघांच्या मध्ये पाळण्याच्या दोरीसारखा झुलत असे. खरे तर मी नसतो तरी त्यांचे चालले असते. माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस तेच.

एकदा आजोबाही बरोबर आले. हा सगळा प्रकार बघून म्हणाले, "सरळ हाक मार की त्याला. आणि हातात पट्टा आहे तो कशासाठी?"

"सारखी हाक मारली की तो बघायचं सोडतो. पट्टा ताणला, तर न बघताच त्याला कळतं मी कुठे आहे ते. मग बघेल कशाला?"

"इतक्या कौतुकाने माझ्याकडे कधी बघितलं नाहीस."

"तुम्ही मान वर करा, मग सांगते."

आजोबा हसले. शेठने दोघांकडे आळीपाळीने बघून दोन तुकडे वसूल केले.

अशी नऊ वर्षे गेली. माझा रंग उडाला. मूठ आजींच्या तळहाताने मऊ झाली. मग आजी आजारी पडल्या, दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. शेठ दारातल्या पायपुसण्यावर बसून राहिला. चौथ्या दिवशी आजोबांनी मला खिळ्यावरून काढले. मूठ मनगटात अडकवली. मग म्हणाले, "चला शेठ. आता तुम्ही आणि मी."

आजोबा वाईट नव्हते, मित्रांनो. हे मला आधीच सांगू द्या. रस्त्यात कुणी भेटेल आणि आजींचा विषय काढेल, याची त्यांना धास्ती वाटे. म्हणून ते एका हातात मला आणि दुसऱ्या हातात घडी केलेली पाने धरून, वाचत वाचत चालत. पहिल्या दिवशी टपालपेटीपर्यंत शेठने अकरा वेळा मान वर केली. अकराही वेळा त्याला कागदाची मागची बाजू दिसली. महिन्याभराने तो चार वेळा बघू लागला. मग एकदा. पुढे तो खाली मान घालून रस्ता हुंगत चालू लागला आणि मी ताणला गेलो. आजोबांना तेवढे पुरत असे. पट्टा ताणलेला आहे, म्हणजे कुत्रा आहे.

नंतर तर शेठ हाकेलाही दाद देईना. "ए शेठ, कानात बोळे घातलेत का?" आजोबा पुटपुटत. "तिचं बरं ऐकायचास. माझं या घरात ऐकतंय कोण?"

एका संध्याकाळी समोरून सायकल येत होती आणि शेठ तिच्या वाटेत चालला होता. आजोबांनी दोनदा हाक मारली आणि मग मला जोरात हिसका दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. शेठचे पाय घसरले, हनुवटी दगडावर आपटली. तो केकाटला नाही, नुसता बसून राहिला. माझ्या शिवणीचे चार टाके तुटले.

जनावरांच्या डॉक्टरबाई त्याच्या हनुवटीला औषध लावत होत्या, तेवढ्यात त्यांच्या मदतनिसाच्या हातून स्टीलचा ट्रे शेठच्या अगदी मागे पडला. आजोबा दचकले. शेठ स्वस्थ बसला होता. डॉक्टरबाईंनी त्याच्या डोक्यामागे टाळी वाजवून पाहिली.

"आजोबा, याला ऐकू येत नाही. वर्ष तरी झालं असेल."

"मला वाटलं, लक्ष देत नाही."

"हाकेकडे कसं देणार लक्ष? त्याला तुम्ही फक्त दिसता. चालताना बघतो का तो तुमच्याकडे?"

आजोबांनी माझी मूठ दोन्ही हातांत धरली. म्हणाले, "बघायचा."

दुसऱ्या दिवसापासून पाने घरी राहू लागली. माझे टाके त्यांनी स्वतः घातले, वेडेवाकडे, हाताशी सापडलेल्या लाल दोऱ्याने. खिशात पावाचे तुकडे घेऊन ते टपालपेटीपाशी थांबत, मला सैल सोडत आणि दोन बोटे मांडीवर ठेवून वाट बघत. शेठ पेटीचा पाया हुंगत राही, नाहीतर दमून बसे. भेटायला आलेली त्यांची मुलगी एकदा बरोबर आली.

"बाबा, किती वेळ उभे राहणार? म्हातारा झालाय तो. आता काय शिकणार?"

"त्याला येतं गं सगळं. शिकायचं माझं राहिलंय."

दोन आठवडे असेच गेले. सतराव्या दिवशी शेठने मान वर केली. जुन्या सवयीने केली की सहज, हे मला सांगता येणार नाही. पण या वेळी मध्ये कागद नव्हता. आजोबांनी दोन बोटांनी मांडीवर टकटक केले. "बघितलं हो," ते म्हणाले. ते ऐकणारे कुणी नव्हते. शेठने एकदा शेपूट हलवले आणि पावाचा तुकडा घेतला.

त्यानंतर आम्हाला पाच आठवडे मिळाले. टपालपेटीपर्यंत शेठ कधी दोनदा बघे, एक दिवस तर सहा वेळा. अकरा पुन्हा कधीच झाले नाहीत. मग त्याचे मागचे पाय लुळे पडले आणि एका सकाळी तो पायपुसण्यावरून उठला नाही.

आता मी दाराजवळच्या खिळ्यावर असतो. आजोबा समोरच्या टेबलाशी बसून पाने तपासतात. मात्र हल्ली पाच-सात ओळी झाल्या की ते मान वर करून माझ्याकडे बघतात. थोडा वेळ थांबतात आणि पुन्हा वाचू लागतात. त्यांनी बघितलेले मला कळते, मित्रांनो. दर वेळी कळते. पण मला ते त्यांना सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरी कुत्रा असेल, तर त्याला फिरायला न्याल तेव्हा माझ्या जातभाईला सैल धरा. चालता चालता कुत्रा मान वर करून तुमच्याकडे बघेल. बरेच दिवस बघत राहील. तेव्हा तुमचे डोळे तिथे असू द्या. तुम्हाला दोन बोटे आहेत.