वहिनीला कळायच्या आधी

रुग्णालयाच्या संगणकांत कुणीतरी बाहेरून शिरलं आणि मानसोपचार विभागाच्या सगळ्या नोंदी घेऊन गेलं. मोठ्या डॉक्टरांचं मत पडलं, "आपणच कशाला बोभाटा करायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची."

माहितीच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, कायद्याने प्रत्येक पेशंटला कळवावंच लागतं. आणि मूठ आता आपल्या हातात राहिलीच कुठे?"

बाईंनी स्वतःच फोन लावायला घेतले.

लोक चिडले, ते त्यांनी ऐकून घेतलं. एक शिंपी मात्र चिडला नाही, घाबरला. थोरला भाऊ अचानक गेल्यापासून तो नैराश्यावर औषधं घेत होता. घरी वहिनी आणि दोन पुतण्या.

"घरी पत्र धाडू नका," तो म्हणाला. "वहिनी मला खंबीर समजते. माझ्याकडे बघून ती उभी आहे."

"नाही पाठवत. लेखी सूचना तुम्ही इथे येऊन घ्या, चालतं तसं. पण एक सांगते. माहिती नेणारे पैशासाठी घरी फोन करून धमकावू शकतात. तो वहिनींनी उचलला तर?"

पलीकडे चाललेलं शिलाई मशीन थांबलं.

"म्हणजे मीच सांगू?"

"ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर परक्याच्या तोंडून कळू दिलं नसतं."

दोन दिवसांनी तो आला, तेव्हा सोबत वहिनी होती.

"फोन तुम्हीच केला होता ना?" वहिनीने विचारलं.

"हो. नोंदी आमच्या ताब्यात होत्या, चूक आमचीच."

"मी तक्रार करणार आहे."

"जरूर करा," म्हणत बाईंनी कुठे आणि कशी करायची ते समजावून दिलं. वहिनीने ते नीट ऐकलं, पदराने डोळे टिपले आणि ती दिराकडे वळली.

"मी रडत होते तेव्हा तुम्ही मला समजावत होता, भाऊजी. तुम्हाला कुणी समजावलं?"

"इथल्या डॉक्टरांनी," तो म्हणाला.

"इथे कधी यायचं असतं तुम्हाला?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी दुकान मी उघडते."

"तुला काजं तरी करता येतात का?"

"कुलूप काढता येतं. बाकीचं शिकवा."

शिंपी हसला. लेखी सूचना मिळाल्याची सही घ्यायला बाईंनी त्याच्यापुढे पेन सरकवलं.