पाणी मारलं ना?

सातुर्निनो मिस्त्रीने गुडघे टेकले, खिशातून घराची चावी काढली आणि स्लॅबच्या भेगेत सरकवली. चावी अर्धी आत गेली.

"अरे देवा," तो पुटपुटला.

एदिलबेर्तो मास्तरला तिकडे बघवेना. टेकडीखाली लिमा शहर धुरकट पसरलं होतं, तो तेच निरखत राहिला. जणू कधी पाहिलंच नव्हतं!

हा मजला त्याच्याच संसारासाठी होता. बायको मारिबेलला दिवस गेलेले, आणि सासूसकट तिघं एका खोलीत. सासूबाई, डोन्या फोर्तुनाता, बाजारात उकडलेली कणसं विकायच्या. त्यातून पोतं पोतं करून सिमेंट जमवलेलं. स्लॅब टाकायला अख्खी आळी आली होती. पुरुषांनी रांगेने घमेली वर चढवली, बायकांनी डुकराचं मटण रांधलं, मग बिअर आली. तेव्हा हाच मास्तर बाटली उंचावून म्हणाला होता, "पाणी मारायचं काम माझं! सिमेंटला पाणी लागलं की उष्णता बाहेर पडते, स्लॅब आतून तापतो. वरून पाणी नाही दिलं तर तडकलाच म्हणून समजा. हा तर माझा विषय!" प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये तो रसायनशास्त्र शिकवायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डोकं धरून वर गेला, तर स्लॅब तळव्यांना चांगलाच गरम लागला. त्याने मारिबेलला हाक मारली, तिचा हात धरून स्लॅबवर टेकवला.

"बघ, रिअॅक्शन चालू आहे."

ती हसली. आणि हा गृहस्थ खाली येऊन पुन्हा झोपला.

पुढे सकाळचा क्लास, संध्याकाळचा क्लास, आज करू, उद्या करू. सासूबाईंचे गुडघे गेलेले, चालायलाही काठी लागायची, शिडी तर चढवतच नव्हती. त्या खालूनच विचारायच्या, "पाणी मारलं ना, जावईबापू?"

"मारलं, आई."

भेगा दिसल्या तेव्हा त्याला आधी आठवलं ते पाणी. टेकडीवर नळ नाही, पाण्याचा टँकर येतो. स्लॅबसाठी सासूबाईंनी निळं पिंप काठोकाठ भरून घरामागे ठेवलं होतं. सकाळी टँकर आला की त्या झाकण उघडणार, आणि पिंप तर भरलेलंच! त्या संध्याकाळी त्याने पिंप आडवं केलं. एवढं पाणी, ज्याच्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या, उतारावरच्या वाळूत मुरून गेलं. आणि मारिबेलने भेगांचं विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "मिस्त्रीने सिमेंट खाल्लं असणार."

ते टेकडीभर झालं. टेकडीवरच्या चॅपलच्या छपराचं काम सातुर्निनोकडे जवळजवळ ठरलं होतं, ते लोक आता थांबून राहिले. आज रविवार म्हणून सासूबाईंनीच मिस्त्रीला बोलावून घेतलं होतं.

"मास्तर, पाणी मारलं होतं ना?" मिस्त्रीने उठता उठता विचारलं.

"म्हणजे काय! सकाळ-संध्याकाळ."

"मग माझंच चुकलं असेल." मिस्त्रीने चावी पँटला पुसली. "वाळू नवीन ठिकाणची होती. खारट निघाली असेल. भेगा मी भरून देतो, एक पैसा नको."

एदिलबेर्तोचे कान पेटले. या माणसाने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मिस्त्री," खालून डोन्या फोर्तुनातांचा आवाज आला, "आधी हात धुऊन घ्या, जेवायचं आहे. जावईबापू, त्यांना मागे घेऊन जा."

मागे म्हणजे पिंपापाशी. शिडी उतरून एदिलबेर्तो घराला वळसा घालून पुढे झाला. पिंप ओतल्या संध्याकाळपासून तो इकडे फिरकलाच नव्हता. त्याने तांब्याभर पाणी काढलं, मिस्त्रीच्या हातावर धरलं, आणि धार मध्येच थांबली.

पिंपाखालच्या उतारावर, जिथे सासूबाई भाज्यांची सालं टाकायच्या, तिथे भोपळ्याची रोपं उगवली होती. पाणी गेलं होतं त्याच वाटेने, एकापाठोपाठ एक, वरपासून खालपर्यंत. बाकी सगळी टेकडी उघडीबोडकी.

मिस्त्रीने रोपांकडे पाहिलं. पिंपाकडे पाहिलं. मग मास्तरकडे.

"कान लाल झालेत तुमचे," तो हळूच म्हणाला. "ऊन लागेल, टोपी घालत जा."

बास, एवढंच. ओंजळीतलं उरलेलं पाणी त्याने वाकून एका रोपाच्या बुंध्याशी सोडलं. "मारिबेलबाईंना या दिवसांत त्रास नको. चॅपलवाल्यांचं मी बघतो."

एदिलबेर्तो तांब्या ठेवायला वाकला. वाळू ओली होती. आजची ओली. त्याने तर एकदाच ओतलं होतं, आणि एवढ्या उन्हात त्यावर कुठलं रोप आठवडाभर जगतं? प्रत्येक रोपाभोवती बोटांनी आळं केलेलं होतं. म्हातारीच्या काठीचे ठसे वाळूत स्पष्ट उमटले होते.

"झाले का हात धुऊन?" दारातून डोन्या फोर्तुनाता म्हणाल्या. आवाज रोजचाच. "मिस्त्री, तुमच्यासाठी चॅपलच्या दोघांनाही जेवायला बोलावलंय. बसलेत आत."

मग त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"पाणी मारलं ना, जावईबापू?"